काट्यानं सडणाऱ्या पायाचं कोडं उकलणारे साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

बांधावरची बाभळ तोडली की पुढं महिनाभर रानात काटे सापडत राहतात. पायात काटा मोडला ही शेतकऱ्याच्या घरात सांगायची गोष्टच नसते. सुई दिव्यावर धरायची, काटा उकरून काढायचा, हळद-तेल लावायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण कधीतरी असं होतं की काटा निघाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याच जागी एक गाठ येते. गाठ दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. हळूहळू पाऊल सुजतं, सुजेवर फोड येऊन फुटतात, छिद्रं पडतात आणि त्यातून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. कुणाचे काळे, बंदुकीच्या दारूसारखे. कुणाचे पांढरट-पिवळे, माशाच्या गाबोळीसारखे किंवा खसखशीसारखे. आत हाडं पोखरली जातात. शेवटी पाय कापावा लागतो.

आमच्या भावकीतल्या एका आजोबांचा पाय असा गेला. मी तेव्हा शाळेत होतो. गावात कुणी करणी म्हणायचं, कुणी नागाचा शाप. आजोबांनी बरीच वर्षं अंगारे-धुपारे केले. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, मायसेटोमा. ते नाव घरी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला ते पुढं कितीतरी वर्षांनी एका लेखात वाचायला मिळालं, आणि त्याच लेखात कळलं की हे नाव ज्या डॉक्टरनं ठेवलं तो आपल्या साताऱ्यात नऊ वर्षं सिव्हिल सर्जन होता. त्यांचं नाव हेन्री व्हॅन्डाईक कार्टर.

डॉक्टर मंडळींना हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असतं. मेडिकलला जाणाऱ्या प्रत्येक पोरानं ज्याचं नाव ऐकलेलं असतं त्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या जाडजूड पुस्तकातली मूळ चित्रं कार्टर यांनी काढली. थोडीथोडकी नाहीत, ३६३.

कार्टर यांचा जन्म १८३१ सालचा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार, समुद्राची आणि जहाजांची जलरंगातली चित्रं काढणारे. घर पुढं स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी. भाऊही चित्रकार झाला. हेन्री मात्र लंडनला जाऊन सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरी शिकले, पण हाताची कला सुटली नाही. तिथंच त्यांची गाठ हेन्री ग्रे या हुशार, महत्त्वाकांक्षी सर्जनशी पडली. ग्रे यांना विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचं नवं पुस्तक काढायचं होतं. दोघांनी दीडेक वर्ष मिळून प्रेतांचं विच्छेदन केलं. ग्रे यांनी लिहिलं, कार्टर यांनी काढलं. चित्रं सरळ लाकडी ठोकळ्यावर काढायची असत, तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटतील. स्नायूचं, नसेचं, हाडाचं नाव त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत. त्यामुळं विद्यार्थ्याला चित्र एकीकडं आणि नाव दुसरीकडं असं शोधत बसावं लागेना. पुस्तक इतकं चाललं त्यात या चित्रांचा वाटा किती मोठा, हे आज सगळेच मानतात.

मोबदला काय, तर एकरकमी १५० पौंड. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागं तेवढे मिळणार होते. त्याहून लागणारी गोष्ट पुढं आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा कच्चा छापा आला तेव्हा त्यावर कार्टर यांचं नाव ग्रे यांच्या नावाएवढ्याच अक्षरात होतं आणि खाली त्यांचं मुंबईतलं प्राध्यापकपद दिलेलं होतं. ग्रे यांनी स्वतःच्या हातानं ते पद खोडलं आणि नाव बारीक अक्षरात घ्यायला सांगितलं. १८५८ मध्ये पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर भारतात पोचलेही होते. तक्रार करायला ते तिथं नव्हते. ग्रे पुढं तीनच वर्षांत, १८६१ मध्ये, देवीच्या साथीत गेले. चौतिशीच्या आसपासचं वय. पुस्तक मात्र दोघांच्याही मागं चालत राहिलं, अजून नव्या आवृत्त्या निघतात.

मुंबईत कार्टर यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचं काम मिळालं आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभाई, म्हणजे आपल्या जे. जे. रुग्णालयात रुग्ण पाहायचं. संसार सुखाचा झाला नाही. इथं आल्यावर १८५९ मध्ये लग्न केलं, त्यात फसवणूक झाल्याचं त्यांना कळलं, गवगवा झाला आणि पुढं दोघं वेगळे राहिले. त्यांच्या डायऱ्या लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. त्या अभ्यासणारे सांगतात की माणूस अतिशय देवभीरू, एकलकोंडा आणि स्वतःवरच नाराज राहणारा. अशी माणसं कामात बुडतात. कार्टरही बुडाले.

तो सडणारा पाय त्यांच्यासमोर आला तो इथंच. रोग काही त्यांनी पहिल्यांदा पाहिला असं नाही. तामिळनाडूतल्या मदुराईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी १८४० च्या दशकातच त्याची नोंद केली होती आणि त्याला ‘मदुरा फूट’ असं नाव पडलं होतं. पण तो होतो कशानं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. कुणाला क्षयाचा प्रकार वाटे, कुणाला हाडाचा रोग, कुणाला मातीचाच दोष. कार्टर यांनी कापलेले पाय घेतले आणि आपल्या सवयीप्रमाणं थर थर करून उघडले. दाणा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात त्यांना बुरशीचे धागे दिसले. शिळ्या भाकरीवर येते तिच्याच जातकुळीतली ही गोष्ट माणसाच्या हाडामांसात वाढत होती. १८६० मध्ये मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या अंकात त्यांनी हे छापलं आणि रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असं नाव दिलं.

ही केवढी गोष्ट होती हे कळायला साल पाहावं लागेल. रोग जंतूंमुळं होतात ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांनाही पटलेली नव्हती. लुई पाश्चर यांचं काम नुकतं सुरू झालेलं, आणि रॉबर्ट कॉख तर अजून शाळेत होते. माणसाच्या शरीरात खोल, हाडापर्यंत, बाहेरची सजीव वस्तू शिरून रोग करते असं म्हणणारे थोडे. त्यात हे लिहिणारा तिशीही न गाठलेला, मुंबईत बसलेला डॉक्टर.

सगळंच बरोबर निघालं असं नाही, तेही सांगायला हवं. जपून ठेवलेल्या एका पायावर लालसर बुरशी उगवली होती. हीच ती रोगाची बुरशी असं कार्टर यांना वाटलं. इंग्लंडमधल्या एका नामांकित बुरशीतज्ज्ञानं तिला कार्टर यांचंच नाव दिलं. पुढं इतरांनी तपासलं तर ती बाहेरून आलेली निघाली, रोगाशी तिचा संबंध नव्हता. यावरून वादही झाले. पण काळ्या दाण्याचा आणि फिकट दाण्याचा असे दोन प्रकार त्यांनी वेगळे नोंदवले होते ते मात्र उपयोगी पडलं. काळा दाणा बुरशीचाच असतो. फिकट दाण्यातले बरेच रोग बुरशीसारखे धागे काढणाऱ्या जिवाणूंमुळं होतात, हे १८९० च्या दशकात कळलं. आज उपचार करताना डॉक्टर पहिल्यांदा हेच ठरवतात. जिवाणूचा प्रकार असेल तर अँटिबायोटिक काही महिने घेऊन पाय सहसा वाचतो. बुरशीचा असेल तर औषध खूप लांबतं, ऑपरेशनही लागतं.

१८६३ मध्ये कार्टर यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली. मुंबईत कॉलेज, संग्रहालय, चर्चा करायला बरोबरीचे डॉक्टर. साताऱ्यात तेव्हा रेल्वेही नव्हती. राज्य खालसा होऊन पंधरा वर्षं झालेली. सिव्हिल सर्जनच्या अंगावर दवाखाना, तुरुंगातले कैदी, पोलिसांच्या केसेस, शवविच्छेदन असं सगळंच येई. आजच्या सिव्हिल सर्जनलाही विचारून बघा, अभ्यासाला वेळ मिळतो का म्हणून. आपल्याकडं समज असा की संशोधन म्हणजे मोठ्या शहरातलं काम, जिल्ह्याच्या ठिकाणी फक्त रुग्ण तपासायचे नि वर पाठवायचे. कार्टर साताऱ्यात १८७२ पर्यंत राहिले. त्यांचं मायसेटोमावरचं पुस्तक १८७४ मध्ये लंडनला छापलं गेलं, स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह. त्याच्या आधीच्या चौदा वर्षांतली नऊ वर्षं साताऱ्याची आहेत.

मुतखड्यावरही त्यांनी असंच काम केलं. खडे कापून, घासून, पातळ चकत्या करून ते कसे थरावर थर चढत वाढतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १८७३ मध्ये पुस्तक काढलं. उन्हाळ्यात मुतखड्यानं लोळणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा विषय किती जवळचा ते सांगायला नको.

पण कार्टर यांचा जास्त जीव गुंतला तो कुष्ठरोगात. मुंबईत असतानाच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या प्रेतांतल्या नसा सोडवून पाहिल्या आणि हा रोग नसांवर कसा बसतो, बोटं बधिर होऊन का झडतात, हे दाखवलं. त्या काळी लोक हा रोग पूर्वजन्मीचं पाप समजत आणि डॉक्टर वंशपरंपरेचा म्हणत. १८६७ मध्ये सरकारनं मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरुग्णांची माहिती गावोगाव गोळा केली, तिच्यावरून कार्टर यांनी इलाख्याचा अहवाल तयार केला. कुठल्या जिल्ह्यात किती, कुठल्या जातीत, वय काय, कुटुंबात आणखी कुणाला आहे का. अशी मोजदाद म्हणजे कंटाळवाणं काम. साथरोगाचा अभ्यास मात्र अशाच तक्त्यांतून सुरू होतो.

१८७२ मध्ये ते लांब रजेवर युरोपला गेले. रजेत विश्रांती घ्यायची सोडून गेले ते नॉर्वेला. तिथं बर्गन गावी कुष्ठरोगाची मोठी रुग्णालयं होती आणि गेरहार्ड हॅन्सन यांनी नुकताच, १८७३ मध्ये, कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. नॉर्वेत प्रत्येक रुग्णाची सरकारी नोंद असे. त्यांना वेगळं ठेवल्यानं रोग कमी होत चाललाय हे कार्टर यांना आकड्यांत दिसलं. परत आल्यावर त्यांनी काठेवाडात फिरून रुग्ण पाहिले आणि सरकारला सांगितलं की इथंही आश्रम काढा, रुग्णांना वेगळं ठेवा. सरकारनं खर्चाकडं बघून फारसं मनावर घेतलं नाही.

इथं माझं मत वेगळं आहे. रोग संसर्गाचा आहे, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पण वेगळं ठेवण्याचा त्यांचा आग्रह पुढं कायद्यात उतरला, १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा आला, आणि त्या नावाखाली कितीतरी माणसं घरापासून तोडली गेली. तेव्हा औषध नव्हतं हे मान्य. पण ज्याला कोंडायचं त्याला विचारायचं असतं, हे त्या काळच्या साहेब डॉक्टरांच्या ध्यानीमनी नव्हतं आणि कार्टर त्याला अपवाद नव्हते. रुग्णांचं दुःख त्यांनी जवळून पाहिलं, पण इलाज सुचला तो सरकारी.

आता त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. १८७६ मध्ये मुंबईत नव्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचं काम त्यांच्याकडं आलं. त्याच वर्षी पाऊस गेला. सोलापूर, नगर, विजापूर, आपल्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा माण-खटावचा पट्टा, सगळीकडं दुष्काळ पडला. जुनी माणसं अजून त्याच्या आठवणी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकल्याचं सांगतात. जनावरं मेली, बी-बियाणं खाऊन संपलं. सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. माणसं घाट उतरून मुंबईकडं चालत निघाली. तिथं अंगावरच्या एका कपड्यात, दाटीवाटीनं राहिली. आणि १८७७ मध्ये मुंबईत तापाची साथ आली.

ताप विचित्र होता. एकदम चढायचा, पाच-सात दिवस अंग जाळायचा, मग एका दिवसात घाम सुटून उतरायचा. माणूस उठून बसायचा, बरा झालो म्हणायचा. आठवडाभरानं पुन्हा तसाच ताप. दुसऱ्या, कधी तिसऱ्या फेऱ्यात अर्धपोटी माणूस टिकत नसे. असा उलटणारा ताप युरोपात माहीत होता. बर्लिनच्या ओबरमायर या डॉक्टरनं अशा रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखा वळवळणारा जंतू पाहून १८७३ मध्ये तसं छापलंही होतं. पण भारतात हा ताप आहे की नाही यावरच डॉक्टरांत एकमत नव्हतं. बरेच जण त्याला नेहमीचा हिवताप धरून चालत.

कार्टर रुग्णांच्या खाटेशी बसले. रोज रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, पाहायचा, टिपून ठेवायचं. ताप चढलेला असताना रक्तात ते मळसूत्री जंतू दिसत. ताप उतरला की नाहीसे होत. पुन्हा चढायच्या आधी पुन्हा दिसू लागत. एकदा दिसलं म्हणून ते थांबले नाहीत, रुग्णामागून रुग्ण तपासत गेले. मग माकडांना रुग्णाचं रक्त टोचलं. माकडांना ताप आला आणि त्यांच्याही रक्तात तोच जंतू सापडला. म्हणजे जंतू तापाबरोबर असतो एवढंच नाही, तो गेला की ताप जातो आणि दुसऱ्याच्या अंगात घातला की ताप येतो. आज मेडिकलच्या पुस्तकात रोगाचं कारण सिद्ध करायची जी पायरी शिकवतात ती मुंबईत दुष्काळग्रस्तांच्या खाटेजवळ चढली गेली.

या कामात कार्टर यांना स्वतःलाही हा ताप लागला. हातमोजे नव्हते, आजच्यासारखी काळजी नव्हती. दुष्काळातल्या प्रेतांचं विच्छेदन उघड्या हातांनी चालायचं. बरे झाले आणि पुन्हा कामाला लागले. १८८२ मध्ये त्यांनी या तापावर मोठं पुस्तक काढलं. ताप कसा येतो, किती दिवस टिकतो, रक्तात काय दिसतं, मेलेल्याच्या शरीरात काय सापडतं, सगळं तक्त्यांसह. त्याबद्दल त्यांना इंग्लंडच्या डॉक्टरांच्या संघटनेनं गौरवलं आणि पुढं त्या जंतूच्या भारतातल्या जातीला त्यांचं नाव मिळालं. एक गोष्ट मात्र त्यांना सापडली नाही. एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात हा जंतू जातो कसा? ते १९०७ मध्ये कळलं, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. नाशिकला एका मिशनच्या वसतिगृहात साथ आली तेव्हा मॅकी या डॉक्टरनं पाहिलं की मुलांत ताप जास्त, मुलींत कमी, आणि मुलांच्या कपड्यांत उवा जास्त. ताप पसरवत होत्या त्या कपड्यांतल्या उवा. एका कपड्यात घाट उतरलेल्या माणसांनाच तो का लागला, याचं उत्तर तीस वर्षांनी मिळालं.

या सगळ्यात मला एक सलतं. कार्टर यांचं नाव एका पुस्तकाच्या पानावर बारीक केलं गेलं म्हणून आज इंग्लंडात हळहळ होते, त्यावर पुस्तक लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांचे पाय कापून ती बुरशी सापडली, ज्यांच्या बोटातून रोज थेंब थेंब रक्त घेऊन तो ताप ओळखला, ती आपली माणसं. त्यातला कुणी खटावचा असेल, कुणी सांगोल्याचा. आज कुणालाही त्यांची नावं सांगता येत नाहीत.

पुढच्या काळात कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रिन्सिपॉलही झाले. निवृत्तीच्या तोंडावर, १८८७ मध्ये, त्यांनी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलेला परोपजीवी पाहिला. भारतात तो पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. १८८८ मध्ये तीस वर्षांची नोकरी संपवून परत गेले. मायसेटोमाकडं मात्र नंतर जगानं फार लक्ष दिलं नाही. गरिबाचा, अनवाणी चालणाऱ्याचा रोग, त्याला कोण औषध शोधणार? जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित रोगांच्या यादीत तो घातला तो २०१६ मध्ये, नाव ठेवल्याला १५६ वर्षं झाल्यावर. अजूनही त्याची लस नाही. रानात पायात बूट घालणं हाच त्यातल्या त्यात उपाय. पाऊल सुजलं, दुखत नसलं तरी गाठीतून दाणे येत असले, तर ते दाणे घेऊनच डॉक्टरकडं जायचं, कारण निम्मं निदान त्यातच असतं.

परत गेल्यावर कार्टर स्कारबरोला, वडिलांच्या गावी राहिले. १८९० मध्ये, साठीच्या तोंडावर, त्यांनी दुसरं लग्न केलं. दोन मुलं झाली. ज्या वर्षी त्यांचं उलटणाऱ्या तापाचं पुस्तक आलं त्याच १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला होता. औषध मात्र अजून साठ वर्षं लांब होतं. ४ मे १८९७ रोजी डॉ. हेन्री व्हॅन्डाईक कार्टर क्षयानं वारले. मुलं अजून लहान होती.